बुडिताचा रकाना



क्वीन्सटाउन आणि आसपासची आम्ही आठ-दहा कुटुंबे महिन्यातून एका रविवारी कुणा एकाच्या घरी बुद्धवंदनेसाठी जमतो. त्रिसरण-पंचशील होते, थोडे वाचन होते, मग चहा-पोहे आणि गप्पा. गेल्या खेपेस ज्यांच्या घरी जमलो होतो, त्यांची प्राथमिक सहावीत शिकणारी मुलगी कोपऱ्यात शाळेचा तक्ता रंगवीत बसली होती. विषय होता अक्षय ऊर्जेचे तीन स्रोत : पडते पाणी, समुद्राची भरती-ओहोटी आणि भूगर्भातील उष्णता. प्रत्येक स्रोतासमोर तिने दोन रकाने आखले होते, फायदे आणि तोटे. पडत्या पाण्याच्या फायद्यांचा रकाना काठोकाठ भरला होता. तोट्यांच्या रकान्यात एकच ओळ होती : धरणामुळे माशांच्या वाटा अडतात. मान वर करून तिने मला विचारले, "काका, भारतातली सगळी धरणं बाबासाहेबांनीच बांधली ना? पप्पांच्या फोनवर आलंय." घरातल्या मोठ्यांना कौतुक वाटले. मी मात्र "पुढच्या वेळी नीट सांगतो" असे म्हणून वेळ मारून नेली. या महिन्याचे सदर म्हणजे त्या उधारीची फेड आहे.

तिच्या तक्त्यातील तिन्ही स्रोत सिंगापूरच्या वाट्याला फारसे आलेले नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. पाण्यातून वीज काढायची तर पाणी उंचावरून पडावे लागते आणि या बेटावरचा सर्वांत उंच माथा, बुकित तिमा, १६३ मीटरांचा आहे. येथे १७ जलाशय आहेत, पण ते पिण्याच्या पाण्यासाठी. तेंगेह जलाशयावर २०२१पासून विजेचे उत्पादन होते, तेही पाण्यावर तरंगणाऱ्या सौरपट्ट्यांतून. त्यांची क्षमता ६० मेगावॉट. भरती-ओहोटीचे तर उलटेच चित्र आहे. जगात जिथे भरतीच्या पाण्यातून वीज निघते, तिथे समुद्राला बांधातून आत घेताना किंवा बाहेर सोडताना त्याच्याकडून काम करवून घेतात. आपल्या मरीना बराजचा बांध समुद्राला बाहेर ठेवण्यासाठी आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, की त्याचे सात प्रचंड पंप गोडे पाणी समुद्रात उपसतात. म्हणजे हा बांध वीज देत नाही, खातो. रविवारी त्याच्या हिरवळीवर पतंग उडवताना ही गंमत आपल्या ध्यानात येत नाही.

भरतीची वीज घड्याळाइतकी भरवशाची असते. चंद्र ठरल्या वेळी येतो, सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते, आणि पन्नास वर्षांनंतरच्या एखाद्या दिवशी दुपारी किती वीज मिळेल हे आजच मांडता येते. तरीही जगात अशी मोठी केंद्रे दोनच आहेत : फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरील ला रान्स, १९६६चे, २४० मेगावॉटचे, आणि दक्षिण कोरियातील सिह्वा, २०११चे, २५४ मेगावॉटचे. कारण साधे आहे. भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत ला रान्सला सरासरी आठ मीटरांचा फरक पडतो. सिंगापूरला जेमतेम अडीच-तीन मीटरांचा. भारतात खंभातच्या आखातात तो ११ मीटरांपर्यंत जातो. तेथे हजारो मेगावॉट निघू शकतात, असे अंदाज कित्येक दशके सांगितले जात आहेत. मात्र आजवर भारतात भरतीवर चालणारे एकही व्यापारी वीजकेंद्र उभे राहिलेले नाही. खाडीच्या तोंडाशी बांध घालण्याचा खर्च प्रत्येक वेळी चंद्राच्या भरवशावर मात करून गेला.

भूगर्भातील उष्णतेचा विषय मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. सिंगापूरच्या उत्तरेस सेंबावांग येथे गरम पाण्याचा झरा आहे. पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअस. लोक कुटुंबासह तेथे जातात, पाय शेकतात, अंडी उकडतात. नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या भागात १.७६ किलोमीटर खोल विंधन घेतले, तेव्हा तळाशी १२२ अंश तापमान आढळले. ज्वालामुखी नसलेल्या बेटासाठी हा आकडा लक्षणीय आहे. शेजारच्या इंडोनेशियाला ज्वालामुखींचे वरदान आहे, आणि भूगर्भीय विजेत तो देश अमेरिकेच्या खालोखाल उभा आहे. आपल्या कोकणातही सह्याद्रीच्या पायथ्याला झऱ्यांची रांगच आहे : वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, उन्हवरे, तुरळ आणि महाडजवळचे सव. विजेच्या दृष्टीने ते कोमटच म्हणावेत; भारतात खरी आशा आहे ती लडाखमधील पुगा खोऱ्याची. पण चवदार तळ्याला अभिवादन करायला महाडला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी सावित्रीकाठची सवची कुंडे पाहिली आहेत? २० मार्च १९२७ रोजी ज्या गावात माणसांना तळ्याचे पाणी पिण्यासाठी मोर्चा काढावा लागला, त्या गावापासून थोड्याच अंतरावर जमीन कुणाची जात न विचारता ऊन पाणी वर फेकत होती. असो. हे विषयांतर झाले, पण महाडचे नाव निघाल्यावर ते टाळता आले नाही.

तर सिंगापूरमध्ये यांतले काही नाही. येथली सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायूवर तयार होते. परंतु जून २०२२पासून एक नवा प्रवाह या बेटावर येऊ लागला. लाओसमधील जलविद्युत थायलंड आणि मलेशिया यांच्या तारांवरून सिंगापूरला पोहोचू लागली. सुरुवातीला १०० मेगावॉटपर्यंत. एवढ्या मोठ्या शहराच्या मागणीच्या मानाने ही दीड टक्क्याच्या आसपासची बाब. तरीही क्वीन्सटाउनमधल्या माझ्या घरातील पंख्याच्या शंभर फेऱ्यांपैकी एखादी फेरी मेकाँगच्या खोऱ्यातील एखाद्या नदीने तेव्हा फिरवलेली असे, असे म्हणायला हरकत नाही. तारेत शिरल्यावर विजेला गाव उरत नाही. ज्या नदीतून ती निघाली तिचे गाव मात्र जागच्या जागी असते, किंवा नसते.

येथून मला तक्त्यातल्या त्या माशांच्या ओळीकडे वळायचे आहे.

जलविद्युतचे गणित सोपे आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते पाचशे मीटर खाली आले, तर यंत्रातील घट वजा जाता सुमारे सव्वा युनिट वीज देते. पाचशे मीटरांची ही उडी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आयती मिळते आणि पाऊसही तेथेच सर्वांत जास्त कोसळतो. म्हणून टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवले आणि १९१५मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. १९२२मध्ये भिवपुरी सुरू झाले, १९२७मध्ये भिरा. भिऱ्यासाठी मुळशीचे खोरे बुडवायचे होते. तेथील मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी मिळाली ती याच लढ्यात. सत्याग्रह हरला, धरण झाले, तलाव भरला. दूध आणि कोळसा यांच्या धुरकट मुंबईत स्वच्छ वीज आली, असे त्या काळी कौतुकाने बोलले गेले असणार. आजही आपण तेच म्हणतो, फक्त कोळशाच्या जागी कार्बन हा शब्द आला आहे.

जमीन घेतली गेली ती १८९४च्या भूसंपादन कायद्याने. तो कायदा मोबदला देत होता, पण जमिनीत ज्याचा हक्क कागदावर लागत असे त्याला. जो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, गावकीची कामे करून बलुत्यावर जगत होता, ज्याचे घर गावठाणाच्या बाहेर होते, त्याचे काय बुडाले हे विचारण्याची तरतूदच त्यात नव्हती. धरणाच्या पाण्याखाली गाव जाते तेव्हा शेत बुडते आणि त्या शेतावरची मजुरीही बुडते. पहिल्याला दर असतो. दुसरी नोंदली जात नाही.

स्वातंत्र्यानंतर कोयना झाली. अभियंता म्हणून मला तिच्याविषयी आदर वाटतो, तो लपवण्याचे कारण नाही. कोयना ही कृष्णेची उपनदी, म्हणजे तिचे पाणी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जायचे. अभियंत्यांनी ते शिवसागर जलाशयात अडवले, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला वळवले, पोफळीला डोंगराच्या आत कोरलेल्या वीजगृहात उतरवले आणि अवजल वाशिष्ठीत सोडून दिले. चिपळूणकरांच्या नदीत उन्हाळ्यातही पाणी दिसते ते त्यामुळे. १९९९मध्ये भरलेल्या तलावाच्या तळाशी स्फोट करून चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेतले गेले; आशिया खंडात असा प्रयोग तोवर झालेला नव्हता. सर्व टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॉट. कृष्णा पाणीतंट्याच्या लवादाने या पश्चिमेकडच्या वळणाला वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, अशी मर्यादा घातली. किती घनफूट पाणी कुठे गेले याचा हिशेब दशांशापर्यंत आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झालेल्या भूकंपाचा अभ्यास तर जगभरचे भूशास्त्रज्ञ अजून करतात. जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नाला कोयनेवाचून उत्तर देता येत नाही. आणि कोयनेच्या धरणग्रस्तांचे पुनर्वसन पुरे व्हावे म्हणून डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली श्रमिक मुक्ती दलाचे लोक, पहिले वीजगृह सुरू होऊन अर्धशतक उलटल्यावरही, ठिय्या देऊन बसत होते.

माझ्या आजीचे माहेर सह्याद्रीतील एका खोऱ्यात होते. कोणत्या ते सांगत नाही, कारण ही हकिकत कोणत्याही खोऱ्यात बसवता येईल. धरणाची मोजणी सुरू झाली तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. चावडीसमोर टेबल मांडून एक कारकून खातेदारांची नावे वाचत होता आणि माणसे पुढे होऊन अंगठा देत होती. तिचे वडील दुपारपर्यंत उन्हात उभे राहिले. महारवाड्याकडे वतनाचा एक तुकडा होता, पण तो साऱ्या भावकीचा मिळून, आणि त्याचे कागद पाटलाच्या घरी. नावे संपली, टेबल उचलले गेले. "आमची नावंच न्हवती रं त्येच्या कागदात," असे आजी सांगे. रागाने नाही, एखाद्या वर्षी पाऊस आला नाही हे सांगावे तसे. पुढे घराच्या लाकडाफाट्याचे म्हणून थोडे पैसे आणि एक शिक्क्याचा कागद मिळाला. गावातल्या खातेदारांना दूरच्या तालुक्यात, वाईट का होईना, जमिनी दाखवल्या गेल्या. तिचे वडील मुंबईला गेले आणि गोदीत हमाल झाले. ज्या खोलीत ते राहिले, तिथे पुढची बारा-चौदा वर्षे रॉकेलचाच दिवा होता.

माझा व्यवसाय माहिती साठवणाऱ्या प्रणाली बांधण्याचा आहे. त्यात एक गोष्ट पहिल्या वर्षातच कळते. तक्त्याला जो रकाना नाही, त्यातली माणसे अहवालात शून्यही होत नाहीत. शून्य व्हायलाही रकाना लागतो. कारकून वाईट असण्याची आवश्यकता नाही. त्याने आपला तक्ता प्रामाणिकपणे भरला असेल. तक्ता कुणी आखला, हा खरा प्रश्न आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. १४ एप्रिल जवळ आला, की आपल्या सर्वांच्या फोनवर एक चित्र फिरते. त्यात बाबासाहेबांच्या छायाचित्रामागे भाक्रा, हिराकूड, दामोदर, कधी कधी कोयनाही दिसते, आणि खाली लिहिलेले असते, की ही सारी धरणे त्यांनी बांधली. ज्या देशाने त्यांचे हे काम पाठ्यपुस्तकांत येऊच दिले नाही, त्या देशात असे चित्र निघणारच. त्यामागचा रोष मला समजतो. पण बाबासाहेबांचे काम इतके भक्कम आहे, की त्याला अतिशयोक्तीचा टेकू द्यावा लागत नाही. जुलै १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या समितीसमोर त्यांनी केलेले भाषण मी दरवर्षी एकदा वाचतो. वीज कशासाठी, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर असे, की उद्योग उभे राहिल्याशिवाय हा देश दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, आणि स्वस्त व मुबलक विजेशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत. १९४४मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची आणि केंद्रीय जल आयोगाची मुळे तेथे आहेत. एका नदीकडे पूर, सिंचन, वीज आणि वाहतूक अशा सर्व अंगांनी एकत्र पाहायचे आणि प्रांतांच्या सीमा ओलांडून तिच्या साऱ्या खोऱ्यासाठी एकच संस्था उभारायची, ही दृष्टी त्यांनी दामोदरच्या निमित्ताने धोरणात आणली. ओडिशातील नद्यांविषयी नोव्हेंबर १९४५मध्ये कटकला परिषद झाली, तिच्यापुढेही ते हेच बोलले. कोयनेचे बांधकाम सुरू झाले ते त्यांनी ते खाते सोडल्यावर कित्येक वर्षांनी. तेव्हा बाबासाहेबांनी धरणे बांधली असे म्हणण्यापेक्षा, धरण कशासाठी आणि कुणासाठी बांधायचे याचा नियम त्यांनी घालून दिला, असे म्हणावे. मोठी गोष्ट हीच आहे.

तो नियम २३ ऑगस्ट १९४५च्या कलकत्त्यातील दामोदर परिषदेत त्यांनी स्पष्ट मांडला. या प्रकल्पाची फळे अगदी तळापर्यंत पोहोचली पाहिजेत, खोऱ्यात राहणाऱ्या प्रत्येकाला त्या समृद्धीत वाटा मिळाला पाहिजे, आणि तो कसा मिळेल याची आखणी करणे हे होणाऱ्या संस्थेचे कामच असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. फळे आपोआप झिरपतील, असे ते म्हणाले नाहीत. त्यासाठी यंत्रणा मागितली. तक्त्यात रकाना मागितला, असे मी माझ्या भाषेत म्हणेन.

पुढे काय झाले? दामोदर खोरे महामंडळ जुलै १९४८मध्ये अस्तित्वात आले. मूळ आराखड्यातील आठ धरणांपैकी त्या पर्वात चारच झाली : तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत. पंचेतचे उद्घाटन पंतप्रधान नेहरूंनी ६ डिसेंबर १९५९ रोजी केले. तारीख पुन्हा वाचा. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे होत होती. नेहरूंनी कळ दाबायला धरणावर मजुरी करणाऱ्या बुधनी मेझान या पंधरा-सोळा वर्षांच्या संथाळ मुलीला पुढे केले. छायाचित्र देशभर गेले. स्वागताच्या वेळी तिने नेहरूंना हार घातला होता, म्हणून तिच्या समाजाने तिला परक्याशी लग्न केलेली ठरवून बाहेर काढले. पुढे महामंडळातली नोकरीही गेली. ती परत मिळायला दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. नोव्हेंबर २०२३मध्ये ती वारली, तेव्हा वर्तमानपत्रांना ते जुने छायाचित्र आठवले. आणि खुद्द दामोदर महामंडळ? त्याच्या जलविद्युतची क्षमता आज दीडशे मेगावॉटच्या आत आहे आणि कोळशावरची सहा हजार मेगावॉटहून अधिक. नदीच्या नावाने निघालेली संस्था कोळशावर चालते.

पाण्यावरून होणाऱ्या वाटण्या आपल्याला नव्या नाहीत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनात शोधले नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून वाद पेटला, संघाने युद्धाचा ठराव केला आणि सिद्धार्थाने त्याला विरोध केला, ही हकिकत त्यांनी मांडली. दामोदरच्या प्रांतांना एका टेबलाशी बसवणाऱ्या माणसाने उत्तरायुष्यात रोहिणीची कथा निवडावी, याचे मला नेहमी नवल वाटते. रोहिणीच्या तंट्यात आधी भांडले ते दोन्ही तीरांवरचे शेतमजूर, हेही विसरू नये.

लाओस हा बौद्ध देश. तेथे नाम थेउन २ हे १००० मेगावॉटहून मोठे केंद्र २०१०मध्ये सुरू झाले. त्याची बहुतेक वीज थायलंड घेतो. त्यासाठी पठारावरची सहा हजारांहून अधिक माणसे हलवली गेली. २३ जुलै २०१८च्या संध्याकाळी अट्टापू प्रांतात शे-पियान शे-नामनॉय प्रकल्पाचा एक दुय्यम बांध फुटला, गावे वाहून गेली, कित्येक माणसे दगावली आणि हजारो बेघर झाली. हा प्रकल्प तेव्हा बांधून पुरा होत आला होता आणि त्याचीही वीज मुख्यतः परदेशासाठीच होती. सिंगापूरला आलेली ही वीज लाओसच्या जाळ्यातून आली. ती अमुकच धरणाची असे म्हणता येत नाही, मी म्हणतही नाही. पण आमच्या बेटावर तिची नोंद कार्बन वाचवणारी वीज म्हणून झाली आणि ती नोंद खरी आहे. खरी असूनही ती अपुरी आहे, आणि अपुऱ्या नोंदीवर समाधान मानण्याची मुभा निदान आपल्याला नाही. आपल्या आज्या-पणज्या त्याच न आखलेल्या रकान्यात होत्या.

याचा अर्थ जलविद्युत नको असा घेऊ नये. धरणविरोध हा माझा पक्ष नाही. जात्याशी, चुलीशी आणि डोक्यावरच्या हंड्याशी बांधलेली बाई विजेने किती मोकळी केली, हे मी घरात पाहिले आहे. वीज आली म्हणून आपल्यातली पोरे रात्री अभ्यास करू शकली, आणि म्हणून तर आपण येथवर आलो. सूर्य मावळल्यावर आणि वारा पडल्यावर ग्रिड सांभाळायला पाणी फार तत्पर असते. म्हणूनच सह्याद्रीकडे पुन्हा सर्वांचे लक्ष लागले आहे. या वेळचा शब्द आहे उदंचन : दिवसा सौरऊर्जा उतू जाते तेव्हा पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची. घाटघरचे २५० मेगावॉटचे केंद्र या तत्त्वावर चालते. ऑगस्ट २०२३मध्ये टाटा पॉवरने शिरवटा येथे १८०० आणि भिवपुरी येथे १००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी महाराष्ट्र शासनाशी करार केला. नावे पाहिलीत? शंभर वर्षांपूर्वीचीच ठिकाणे. असे आणखी बरेच प्रकल्प पश्चिम घाटात येऊ घातले आहेत. जुन्या तलावांचा उपयोग होत असेल तर नवे बुडीत क्षेत्र कमी राहील, हे त्यांच्या बाजूने प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

आणि या वेळी कायदाही बदललेला आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंबा'च्या व्याख्येत जमीन नसलेल्यांना घेतले : शेतमजूर, कुळे, वाटेकरी, कारागीर, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागावर ज्यांची उपजीविका अवलंबून होती ते सारे. १८९४पासून मोजले तर हा एक रकाना आखायला ११९ वर्षे लागली. आता तो भरला जातो का, हे पाहायचे. जमीन संपादनाऐवजी मालकाशी थेट सौदा करून घेतली, तर मजुराचे नाव पुन्हा कागदाबाहेर राहण्याचा धोका आहे. तीन वर्षे तुम्ही येथे राबत होता हे सिद्ध कसे करायचे, हा तर रोजंदारीवरच्या माणसाला हतबल करणारा प्रश्न. त्याच्याकडे सातबारा नसतो, पगाराची पावती नसते. मुकादमाची वही असते आणि ती मुकादमाकडे असते.

त्या मुलीला मी पुढच्या वंदनेच्या दिवशी हे सगळे सांगितले, तिला झेपेल एवढे. तिने विचारले, "मग तोट्यात काय लिहू?" मी म्हटले, माशांची ओळ राहू दे, ती खरीच आहे, खाली आणखी एक लिही. तिने बराच वेळ विचार करून इंग्रजीत लिहिले, त्याचा मराठी अर्थ असा : काही माणसांची घरे जातात आणि काहींची तर मोजलीही जात नाहीत. मग तिने विचारले, ती किती होती? शाळेत आकडा लागतो. मला आकडा देता आला नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांचे मूळ सातारा, पुणे, रत्नागिरी, रायगड, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील धरणांच्या खोऱ्यांत आहे. घरातल्या वृद्धांना गावाचे नाव, महारवाड्यातील घरांची संख्या, कोण कुठे गेले आणि कुणाला काय मिळाले, एवढे विचारून घ्या. एखादी नोटीस, घराच्या मूल्यांकनाचा कागद, वतनाचा उतारा, शिक्क्याची चिठ्ठी असे काही सापडले, तर दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, मलासुद्धा नाही. मी एक साधा तक्ता तयार केला आहे. पुढील अंकासोबत तो मिळेल. माझ्या आजीचा कागद त्यातली पहिली नोंद आहे. शाई उडाली आहे, रक्कम वाचता येत नाही, पण शिक्का अजून दिसतो.